इलाम थॉर्नबर्गचा माफीनामा

इलाम थॉर्नबर्ग डोक्यावरची टोपी दोनच वेळा काढी. एक झोपताना, आणि दुसरी, सभेत कुणी गुडघे टेकून प्रार्थनेला लागलं की. साक्षात गव्हर्नर दारात आला तरी ती निघणार नव्हती, आणि त्यात इलामचं विशेष असं काही नव्हतं. पाइन फोर्क ह्या अमेरिकेतल्या खेड्यातले क्वेकर, म्हणजे सभेत मुकाट बसून देवाला भजणारे ख्रिस्ती, सगळेच तसे. न्यायाधीशालाही ‘तू’ म्हणणारे, वारांना नावं न देता रविवारपासून पहिला, दुसरा असे मोजणारे, कुणावर हात न उचलणारे, आणि टोपी फक्त देवापुढे काढणारे. म्हणूनच एखादा माणूस सभेत प्रार्थना करत असताना कुणी टोपी डोक्यावर तशीच ठेवली, तर त्याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळे. तू देवाशी बोलत नाहीयेस, असं त्या माणसाच्या तोंडावर सांगणं होतं ते. ह्याहून मोठी शिवी त्या लोकांच्या पोतडीत नव्हती.

इलामने ती शिवी आयुष्यात एकदा दिली. तिचे भोग त्याच्या मुलीच्या वाट्याला आले, असं निदान त्याची मुलगी तरी समजत होती.

मुलीचं नाव थर्झा. वय अठ्ठेचाळीस, लग्न नाही, हाडापेराने मोठी, बोलायला फटकळ. बापाचं टोप्यांचं दुकान होतं. त्यात खिडकीशी खुर्ची टाकून ती टोप्यांना आतून अस्तर शिवत असे. ती खुर्ची तीस वर्षं तिच्या बुडाखाली होती, पण तिची नव्हती. ‘ते कापड रोडाच्या खुर्चीपाशी ठेव,’ असंच बाप म्हणायचा. आईही तसंच म्हणायची. थर्झाने ते कधी दुरुस्त केलं नाही. माणूस खुर्चीवर बसलेलं असताना खुर्ची दुसऱ्याच्या नावाने ओळखली जाते, तेव्हा कसं वाटतं हे सांगून काय उपयोग होता?

इलाम कारागीर मात्र अस्सल. सशाची आणि ओढ्यातल्या मोठ्या उंदरांची लव तो धनुकलीने पिंजायचा. आपल्याकडे पिंजारी कापूस पिंजतो तीच धनुकली, तोच आवाज. मग कढईतल्या गरम पाण्यात ती लव दाबून दाबून तिचा नमदा, म्हणजे दाट घट्ट थर, करायचा, लाकडी डोक्यावर चढवायचा, लाखेने कडक करायचा. लव कातड्यावरून सुटावी म्हणून कातड्यांना पाऱ्याचं पाणी लावावं लागे, आणि त्या पाण्याने टोपीवाल्यांचे हात म्हातारपणी कापू लागत. इलामचे तर सत्तरीच्या आतच कापायला लागले. चमच्यातलं ताक तोंडापर्यंत पोचेना. धनुकली तेवढी तो अजून चालवी. ‘तिला कापरे हातच लागतात,’ असं तो म्हणायचा आणि स्वतःच हसायचा. लिहिणं मात्र कायमचं सुटलं. त्याची पत्रं थर्झा लिही, सहीसुद्धा तीच करी.

आता रोडाची गोष्ट सांगायला हवी, तिच्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

रोडा आणि तिची धाकटी बहीण डायसी ओढ्यापलीकडच्या काळ्यांच्या वस्तीत राहत. दोघी केंटकीत गुलाम म्हणून जन्मलेल्या, पण मालकिणीने मरताना मोकळ्या केलेल्या. तसे कोर्टाच्या शिक्क्याचे कागद होते. रोडा इलामच्या दुकानात अस्तरं शिवायची, आणि तिचा टाका इतका बारीक की टोपी उलटी करून बघितली तरी दोरा दिसत नसे. इलाम त्या भागातला गुलामगिरीचा कट्टर वैरी. गुलामांच्या हातचा म्हणून त्याच्या घरात कापूस येत नव्हता, साखर येत नव्हती. झोपडीत कागद भिजतील, जळतील, कुणी पळवील, म्हणून त्याने दोघी बहिणींचे कागद आपल्या दुकानातल्या कपाटात ठेवून घेतले. ‘इथे सुरक्षित राहतील,’ असं म्हणाला. तसे ते राहिलेच. कागदांना काही झालं नाही.

अठराशे सत्तेचाळीस सालच्या पानगळीत, पाचव्या वारी, रोडा भर सकाळी दुकानात यायला निघालेली असताना माणसं पकडून गुलाम म्हणून विकणाऱ्या दोघांनी, तिच्यापाशी कागद नाही हे बघून, तिला रस्त्यातून उचलून झाकलेल्या गाडीत टाकलं. दक्षिणेकडे जायची वाट एकच, ओढ्यावरच्या लाकडी पुलावरून. पूल एका गाडीपुरता. आणि त्या पुलाच्या मधोमध नेथन ओव्हरमनची गाडी होती. नेथन सभेचा मोठा बोलका माणूस, बायकोला घेऊन आठवड्याच्या मधल्या सभेला निघालेला. मागून इलाम आणि दोन शेजारी पळत येत होते. नेथनने करायचं काहीच नव्हतं. हात उचलायचा नव्हता, तोंड उघडायचं नव्हतं. दर आठवड्याला सभेत तीन-तीन तास बसायचा तसा नुसता बसून राहिला असता तरी पुरे होतं. रोडाने गाडीतून त्याला नावाने हाक मारली. नेथन खाली उतरला, घोड्यांचे लगाम धरले, आणि चाक पुलावरून घसरू नये म्हणून बेताबेताने गाडी मागे घेऊन त्या लोकांना वाट दिली.

इलाम कागद घेऊन मोठ्या नदीपर्यंत गेला, नदी ओलांडून पलीकडच्या, गुलामगिरीच्या मुलखातल्या, कोर्टातही गेला. चार दिवसांनी परत आला, तो कागद घेऊनच. डायसीने आपला कागद दुसऱ्याच दिवशी येऊन मागून नेला. 

पहिल्या वारी सभेत नेथन गुडघ्यांवर आला आणि त्याने देवाचे आभार मानले. पुलावर रक्त सांडलं नाही, कळपाचे हात भांडणापासून दूर राहिले, म्हणून. सगळे उभे राहिले, पुरुषांच्या टोप्या निघाल्या. इलाम बसून राहिला, टोपी डोक्यावर ठेवून. बायकांच्या बाजूला अठरा वर्षांची थर्झा होती. तिने बापाकडे बघितलं तेव्हा तिला अभिमानच वाटला होता. हे तिने पुढे कुणाला सांगितलं नाही, स्वतःलाही फार क्वचित.

मग रीतीप्रमाणे दोघे जण घरी समजवायला आले. ‘इलाम, तुला काही चुकल्यासारखं वाटतंय का?’

‘टोप्या मी करतो,’ इलाम म्हणाला. ‘कुठे काढायच्या ते मला ठाऊक आहे.’

चार महिन्यांनी सभेने आपल्या यादीतून त्याचं नाव काढलं. वाळीत नाही टाकलं हं. ते लोक तसलं काही करत नाहीत, फार सभ्य. बायकोचं नाव राहिलं, मुलीचं राहिलं. त्यानेही मागच्या बाकावर येऊन बसायला हरकत नव्हती. फक्त तो आता त्यांच्यातला नव्हता. आणि परत यायचं तर दार उघडंच होतं: आपली चूक कबूल करणारा एक कागद लिहायचा, तो सभेत वाचला जायचा, झालं.

इलामने कागद लिहिला नाही. दर पहिल्या वारी त्याची बायको हल्डा आणि थर्झा सभेला जात आणि तो घरी बसे. एक हिवाळाभर नेथनचा पुतण्या थर्झाला सभेहून घरापर्यंत सोडायला येत होता. त्यानंतर तो दुसऱ्या वाटेने घरी जाऊ लागला.

मग युद्ध झालं, गुलामगिरी संपली, आणि पाइन फोर्कमध्ये गुलामगिरीचा वैरी नव्हता असा एकही माणूस उरला नाही. पळून आलेल्यांना आपण कसं माळ्यावर लपवलं, गवतात लपवलं, बटाट्याच्या तळघरात लपवलं, ह्याच्या गोष्टी घरोघर सुरू झाल्या. तेवढी माणसं खरंच पळून आली असती तर केंटकीत चिटपाखरू राहिलं नसतं. नेथन ओव्हरमन तर बाहेरगावच्या पाहुण्यांना आपलं कोठार दाखवायचा. आणि इलाम दर वर्षी दक्षिणेतल्या चर्चांच्या वर्तमानपत्रांत थर्झाच्या हाताने मजकूर पाठवायचा. रोडा नावाची बाई, उजव्या भुवईवर भाजल्याची खूण, शिवणकाम उत्तम, कुणास माहीत असल्यास कळवावं. ‘शिवणकाम उत्तम’ हे शब्द थर्झाने बारा वेळा स्वतःच्या हाताने लिहिले. बाराही वेळा तिला रोडाचा राग आला, आणि बाराही वेळा त्या रागाची लाज वाटली.

डायसी वसंतात आणि पानगळीत अशी वर्षातून दोनदा यायची, अंडी किंवा लोणच्याची बरणी घेऊन. ‘काही आलं?’ एवढंच विचारायची. इलाम मान हलवायचा. मग ती खुर्चीवर बसून त्याच्याबरोबर मक्याची भाकरी खायची, वस्तीतल्या चार गोष्टी सांगून त्याला हसवायची. त्या दोन दिवशी इलाम जेवढा बोले, तेवढा घरात सहा महिन्यांत बोलत नसे.

सत्याहत्तर सालच्या हिवाळ्यात हल्डाने अंथरूण धरलं. पायांना सूज, श्वास पुरेना. शेगडीजवळ तिची खाट आणून ठेवली. एका दुपारी ती नवऱ्याला म्हणाली, ‘इलाम, तीस वर्षं मी त्या बाकावर एकटी बसलेय. समोर पुरुषांच्या बाजूला तुझी जागा दिसते. त्या जागेवर आता चीज विकणारा बसतो.’

‘त्याने काय होतंय?’

‘मला होतंय. मी मरायच्या आधी तू त्यांच्यातला हो. एक ओळ लिही. नेथन म्हणतो त्याच्या मनात काही नाही.’

‘त्याच्या मनात कसं असेल? गाडी मागे घेणाऱ्याच्या मनात कधी काही राहत नाही.’

‘मी नेथनसाठी नाही मागत.’

इलाम बराच वेळ तिचे सुजलेले पाय चोळत राहिला. मग म्हणाला, ‘हल्डा, दुसरं काहीही माग.’

‘दुसरं मला काही नकोय,’ हल्डा म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. फक्त दर पहिल्या वारी सकाळी ती थर्झाला सांगायची, आज सभेत कोण कोण बोलतं ते मला नीट सांग हं. आणि थर्झा सभेला जायला निघाली की नवऱ्याकडे बघायची.

थर्झाने हे पाच आठवडे बघितलं. सहाव्या आठवड्यात, दुसऱ्या वारी सकाळी, इलामची जॉर्जियातल्या पाद्र्यांना पाठवायची पत्रं ती लिहीत होती. दोन पत्रांच्या मध्ये तिने तिसरा कागद घेतला. ‘तीस वर्षांपूर्वी नेथन ओव्हरमन प्रार्थना करत असता मी टोपी काढली नाही. त्याचं मला दुःख आहे. सभेने मला पुन्हा आपलं म्हणावं.’ खाली सही केली. इतकी वर्षं करत होती तशीच. पत्रांबरोबर तो कागदही तिने बाहेर नेला.

आईसाठी केलं, असं ती पुढे स्वतःला सांगत राहिली, आणि ते खोटं नव्हतं. पण अर्धंच खरं होतं. तो कागद लिहिताना तिला हलकं वाटलं होतं. बापाच्या त्या टोपीखाली आपलं अख्खं आयुष्य गेलं, आणि ती एकदा तरी, माझ्या हाताने का होईना, खाली यावी, असंही तिच्या मनात होतं. ती वाईट बाई नव्हती. तीस वर्षं दुसरीच्या खुर्चीवर बसून शिवत होती, एवढंच.

खोटा कागद सभेपुढे ठेवणाऱ्याचं नाव दुसऱ्याच महिन्यात कटतं हे तिला ठाऊक होतं. इलामलाही ठाऊक होतं.

तिचा हिशेब एवढाच होता की कागद वाचला जाईल, लोक माना डोलावतील, आईला सांगता येईल, आणि बाप सभेला जातच नाही तर त्याला कळणार कुठून? पण असा कागद आला की तो मनापासून आहे की नाही हे बघायला सभा दोन माणसं घरी पाठवते. ही रीत तिला लहानपणापासून माहीत होती. ती त्या वेळी आठवली नाही, किंवा आठवून घेतली नाही.

दोन आठवड्यांनी, चौथ्या वारी दुपारी दोघे आले. त्यांतला मोठा जोब मेंडनहॉल, म्हातारा, हळव्या काळजाचा. हल्डाने त्यांना शेगडीपाशी आपल्या खाटेजवळ बसवून घेतलं. इलामला दुकानातून बोलावलं. तो हात पुसत आला. जोबने खिशातून कागद काढला आणि वाचून दाखवला.

थर्झा स्वयंपाकाच्या टेबलाशी उभी होती. बापाने तिच्याकडे एकदा बघितलं, एकदाच. तिला वाटलं, आता हा बोलणार. जन्मात खोटं न बोललेला माणूस, आता सांगणार की हे माझं नाही. आणि मग आईचं काय, माझं काय?

‘इलाम,’ जोब म्हणाला, ‘हे तुझ्या मनातलं आहे ना?’

इलामने तोंड उघडलं. खाटेवरून हल्डा त्याच्याकडे बघत होती. त्याने तोंड मिटलं. खोलीत कुणी काही बोललं नाही. क्वेकरांना गप्प बसायची सवय, एकदा गप्प बसले की तासभर बसतील. शेगडीवरचं पाणी उकळत होतं. इलामचे हात गुडघ्यांवर कापत होते, रोज कापत तसेच, थोडे जास्त. जोब त्या हातांकडे बघत राहिला आणि हळूहळू त्याचे डोळे भरून आले. त्या लोकांत न बोलणं म्हणजे होकार, आणि अंग थरथरणं म्हणजे आतला देव जागा झाल्याची खूण. पाऱ्याचं पाणी कुणाच्याच ध्यानात आलं नाही. जोब उठला, त्याने इलामचा कापरा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाला, ‘पुरे. आणखी काही विचारायची गरज नाही.’

ते गेल्यावर इलाम अंगणात लाकडांच्या ढिगापाशी उभा होता. थर्झा त्याच्या मागे गेली.

‘कधी लिहिलास?’

‘दोन आठवडे झाले.’

‘म्हणजे दोन आठवडे तू माझ्यासमोर बसून जेवलीस,’ इलाम म्हणाला आणि दुकानात गेला. ह्यापुढे त्याने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. शिव्या दिल्या असत्या तर थर्झाला बरं वाटलं असतं, भांडायला तरी मिळालं असतं.

पुढच्या महिन्याच्या सभेत इलामचं नाव परत लागलं. ज्यांनी तीस वर्षं टोप्या तालुक्याहून आणल्या, ते आता डोक्याचं माप द्यायला दुकानात येऊ लागले. दुकानाला इतकी गिऱ्हाइकं तरुणपणीही नव्हती. इलाम त्यांची मापं घेई, टोप्या करी. सभेला मात्र गेला नाही. बायको आजारी आहे, असं सांगे, आणि ते कुणालाही पटण्यासारखं होतं.

डायसी त्या वर्षी वसंताच्या आधीच आली. हातात काही नव्हतं. थर्झा एकटी खिडकीशी होती, मागच्या खोलीत धनुकली चालू होती. थर्झाने बस म्हटलं, ती बसली नाही.

‘तुझ्या बापाने माफी मागितली म्हणे.’

‘आईसाठी, डायसी. ती आता फार दिवस काढत नाही.’

‘का मागितली ते नाही विचारलं. कुणाची मागितली ते विचारतेय.’

‘सभेची.’

‘सभेची,’ डायसी म्हणाली. ‘आणि त्या पुलावरच्या म्हाताऱ्याची. बरं झालं. आता हळूहळू आमच्याकडेही माफी मागायला यायचा असेल. सांग त्याला, आम्ही घरीच असतो, आम्हाला कुठे जायचंय?’

थर्झाच्या ओठांवर आलं होतं. तो नव्हता, मी होते. चार शब्द. पण डायसी धुणं धुवायला सहा क्वेकर घरांत जाई आणि तिच्या पोटात काही राहत नसे, असं थर्झाने स्वतःला बजावलं. मागच्या खोलीत धनुकली थांबली होती. इलाम पडद्याच्या पलीकडे होता, आणि त्याने सगळं ऐकलं होतं. तो बाहेर आला असता तर त्याला मुलीचं नाव घ्यावं लागलं असतं. तो बाहेर आला नाही. डायसी गेल्यावर बऱ्याच वेळाने धनुकली पुन्हा सुरू झाली.

त्याच आठवड्यात थर्झा आईचं अंग पुसत असताना हल्डा म्हणाली, ‘कागद चांगला लिहिला होतास.’



‘तुला कसं कळलं?’

‘तुझा बाप माफी मागायला बसला असता तर टोपीची नसती मागितली. त्या मुलीचे कागद कपाटात का ठेवून घेतले, त्याची मागितली असती. रात्रंदिवस तेच आहे त्याच्या मनात. नेथनवर राग धरला की स्वतःवरचा जरा कमी होतो. चाळीस-पन्नास वर्षं एका घरात राहिलीस तरी तुला एवढं कळू नये?’

‘मग तू त्या दिवशी बोलली का नाहीस?’

‘मला वाटलं, तो माझ्यासाठी गप्प बसला. म्हटलं, चला, कागद खोटा तर खोटा, हे तरी माझ्यासाठी केलं ना.’ हल्डा थोडा वेळ धापा टाकत राहिली. ‘मग मी नीट आठवून बघितलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. बघितलं ते तुझ्याकडे. पाठ पुस नीट, तिथे ओली राहिलीय.’

थर्झाने पाठ पुसली. म्हणजे ज्या एका बाईला समाधान द्यायचं म्हणून हे सगळं केलं, तिलाही काही मिळालं नव्हतं.

हल्डा त्यानंतर नऊ दिवसांनी गेली. नवऱ्याला सभेत समोरच्या बाकावर बसलेलं तिने बघितलं नाही.

दफनाला अख्खं पाइन फोर्क आलं. क्वेकरांच्या थडग्यांवर दगड नसतात, नुसत्या रांगा असतात, ज्या क्रमाने माणूस जाईल त्या क्रमाने. हल्डाचा खड्डा दोन परक्या माणसांच्या शेजारी होता. कुंपणाच्या बाहेर वस्तीतल्या तीन-चार बाया उभ्या होत्या, कारण हल्डाने त्यांच्या आजारपणात बरंच केलं होतं. डायसी त्यांच्यात होती.

पेटी खाली सोडली.  मग नेथन ओव्हरमन पुढे आला. ऐंशीचा झाला होता, दोघांनी धरून त्याला गुडघ्यांवर बसवलं. त्याने प्रार्थनेला सुरुवात केली आणि टोप्या निघू लागल्या, एकेक करत, रांगेने. लोक प्रार्थना ऐकत नव्हते. सगळ्यांचे डोळे इलामकडे होते.

इलामची टोपी डोक्यावर होती.

थर्झा त्याच्या शेजारी होती. एवढ्या लोकांसमोर टोपी राहिली तर कागद खोटा हे उघड होईल, आणि तो कुणाच्या हातचा हे कळायला वेळ लागणार नाही, हे तिला स्पष्ट दिसत होतं. आणि तरीही, जीव मुठीत धरून उभी असतानाही, तिला वाटलं की ही टोपी राहू दे. अठराव्या वर्षी वाटलं होतं तसंच वाटलं. माझं नाव जाऊ दे, पण राहू दे. ती तसं म्हणाली मात्र नाही. एक शब्द पुटपुटली असती तरी त्याला ऐकू गेला असता.

इलामने हात वर नेला. हात इतका कापत होता की त्याला टोपीची कड सापडेना. दुसरा हात लावला. दोन्ही हातांनी त्याने ती काढली आणि पोटाशी धरली. जोब मेंडनहॉल रडत होता. नेथन देवाचे आभार मानत होता की दुरावलेला भाऊ परत आला.

‘आमेन’ वगैरे ते लोक म्हणत नाहीत. प्रार्थना संपली, टोप्या परत चढल्या. इलाम तसाच उघड्या डोक्याने उभा राहिला. थर्झाने कुंपणाकडे बघितलं तेव्हा वस्तीतल्या बाया होत्या, डायसी नव्हती.

त्या वसंतात डायसी आली नाही. पानगळीतही नाही. वस्तीतल्या एका बाईकडे थर्झाने विचारपूस केली, तर ती म्हणाली, बरी आहे की, रोज भेटते. इलाम दुकानाच्या दारात येऊन ओढ्याच्या बाजूला बघे आणि आत जाई. डायसीसाठी ठेवलेली मक्याची भाकरी दोन दिवस ताटात वाळून गेली, तरी त्याने ती उचलू दिली नाही.

शेवटी एका सकाळी थर्झाने शाल घेतली आणि बापासमोर जाऊन उभी राहिली.

‘बाबा, मी वस्तीत जातेय. डायसीला सांगते.’

‘काय सांगतेस?’

‘की कागद मी लिहिला. तुला ठाऊकही नव्हतं. नाव कटलं तर कटू दे, आता मला त्याचं काही नाही.’

इलाम लाकडी डोक्यावर चढवलेल्या टोपीची कड दाबत होता. त्याने हात थांबवले. मुलीकडे त्याने बघितलं ते रागाने नाही, पण त्या बघण्यात मायाही नव्हती. फार थकलेला माणूस बघतो तसं बघितलं.

‘कागद तू लिहिलास, थर्झा. ते तू तिला खुशाल सांग,’ तो म्हणाला. ‘पण तिने कागद नाही बघितला. तिने मला बघितलं. टोपी मी काढली.’

 इलामने पुन्हा काम हातात घेतलं. ती टोपी नेथन ओव्हरमनची होती, आणि ती पहिल्या वाराच्या आत पोचवायची होती.